कालव्याकाठचे बिऱ्हाड

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन शब्द आम्ही वर्गात नेहमी जोडीने शिकवतो. घर बांधतात, बिऱ्हाड मांडतात. घर मोडते, विकले जाते, त्याच्या वाटण्या होतात. बिऱ्हाड फक्त हलते. घराला पाया लागतो आणि बिऱ्हाडाला भाडे. विंचवाला तर त्याचीही गरज नाही. त्याचे पाठीवरच असते. विद्यार्थी हे सारे वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. २००९ पासून आम्ही दोघे मांजरी बुद्रुकच्या शिवारात, जुन्या मुठा उजव्या कालव्याच्या काठी ज्या जागेत राहतो आहोत, ती या दोहोंपैकी कोणती, हे ठरवण्याची वेळ मात्र आता आली. ती सोडावी की सोडू नये हा प्रश्न उभा राहिला तेव्हा, आधी तिला म्हणायचे काय, इथेच आमचे अडले.

जागा मुळात गुऱ्हाळाची. या शिवारात ऊस उभा होता आणि गुळाला भाव होता त्या काळी मळ्याच्या मालकांच्या वडिलांनी शेतीची जमीन फारशी न खाता कालव्याच्या कडेने एक लांबोडे छप्पर उभारले. रुंदी १२ फूट, लांबी ६४ फूट. एका टोकाला चुलवाण, मग काहील, मग गूळ थंड करण्याचा वाफा, मग ढेपा ठेवायची जागा आणि अगदी शेवटी गुळव्याची झोपायची खोली. गुऱ्हाळ बंद पडल्यावर मालकांनी मधे विटांच्या आडभिंती घातल्या, पत्रे तसेच ठेवले आणि एकापाठोपाठ एक अशा पाच खोल्या झाल्या. चुलवाणाच्या जागी आमचे स्वयंपाकघर आहे. पावसाळ्यात त्या भिंतीच्या पायथ्याला अजून मुंग्या लागतात. इतक्या वर्षांत किती चुना फासला तरी त्यांना गुळाचा पत्ता ठाऊक आहे. वस्तीवरची मुले या जागेला ‘आगगाडी’ म्हणतात. पुणे-दौंड मार्गावरची खरी आगगाडी येथून ऐकू येत असल्यामुळे हे नाव बसूनही गेले. आम्हांला या जागेचा मोह पडला तो एकाच कारणाने: दोन माणसांकडे मिळून चार हजारांवर पुस्तके असली की त्यांना एक सलग भिंत हवी असते, आणि शहरात ६४ फुटांची सलग भिंत महाविद्यालयीन अध्यापकांना मिळत नाही.

महाविद्यालयातील इंग्रजी विभागाचे एक स्नेही प्रथम घरी आले तेव्हा ते पहिल्या खोलीतून पाचव्या खोलीपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, “ही तर नॅरोबोट आहे. फक्त चालत नाही.” पुढच्या खेपेला त्यांनी एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे १९४४ सालचे पुस्तक आणून दिले. इंग्लंडमधील कालव्यांवर जागोजागी नावा खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर चढवण्यासाठी दारे लावलेली टाकी आहेत. यांतली पुष्कळशी टाकी जेमतेम ७ फूट रुंदीची. म्हणून नावही तेवढीच रुंद, आणि लांबी मात्र ७० फुटांपर्यंत. या नावांतून कोळसा जाई, आणि तो वाहणाऱ्या नावाड्याचे सगळे कुटुंब, बायको, पोरे, भांडीकुंडी, मागच्या टोकाच्या एका एवढ्याशा खोलीत राही. रेल्वेने हा धंदा हळूहळू खाल्ला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, आणि त्यानंतर ही मालवाहतूक जवळपास संपली. नावा उरल्या. त्यांत आधी हौशी लोक राहायला आले आणि अलीकडे, लंडनमध्ये घर घेणे ज्यांना परवडत नाही असे लोक.

रोल्ट १९३९ साली पत्नी अँजेला हिच्यासह ‘क्रेसी’ नावाच्या नावेवर राहायला गेले आणि १९५१ पर्यंत तीच त्यांची वस्ती होती. पुस्तक वाचताना वाटते की हे सुख संपणारच नाही. प्रत्यक्षात ते दोन बाजूंनी संपले. नावेचे लाकूड कुजले आणि संसारही मोडला. रोल्ट जमिनीवर परतले, लिहीत राहिले. अँजेलाने जमिनीवर परतण्याऐवजी बिली स्मार्टच्या सर्कशीची वाट धरली. एकाच नावेतून दोघे उतरले. एकाला फिरणे पुरे झाले होते, दुसरीला नावच पुरेशी फिरत नव्हती. हा मजकूर आम्ही दोघांनी वेगवेगळ्या वेळी वाचला, आणि दोघांनीही त्यावर एकमेकांशी बोलायचे टाळले.

याच्या जोडीला पेनेलोपी फिट्झजेराल्ड आठवते. तिची नौका या जातीची नव्हती. ती थेम्स नदीवर बॅटर्सी येथे उभी असलेली जुनी मालवाहू नौका होती. ‘ग्रेस’ तिचे नाव. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती कुटुंबासह तिच्यावर राहत होती, आणि ती नौका सामानसुमानासह बुडाली. पुढे १९७९ मध्ये ‘ऑफशोअर’ या तिच्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले; त्या कादंबरीतली माणसे धड पाण्यावरची नाहीत, धड जमिनीवरची नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाला अशा वेळी ‘बुडाल्याने कादंबरी मिळाली’ असे म्हणायचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. सामान बुडालेल्या माणसाच्या हिशेबात कादंबरी जमेच्या बाजूला लगेच मांडली जात नाही.

आपल्याकडे हे असे का झाले नाही, याचे उत्तर पाण्यात आहे. उत्तरेत १८५४ साली सुरू झालेला गंगेचा कालवा नावा चालतील अशा बेताने आखला होता. दख्खनचे कालवे भिजवण्यासाठी काढले, वाहून नेण्यासाठी नव्हे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसर, मांजरी, लोणी करत पाटसच्या दिशेने पोचले, आणि या भागात ऊस आला तो या पाण्यामागून. पण कालव्याला पाणी असते ते आवर्तनापुरते. आवर्तन सुरू झाले की काठोकाठ, संपले की चिखल, आणि उन्हाळ्यात त्या चिखलात क्रिकेट. अशा पाण्यावर कोण कशाला नाव टाकील? आमच्या ऊसकरी मुलखाचा तरंगण्याशी जो काही संबंध आला तो काहिलीपुरता. गूळ रांधायची ती भली मोठी उथळ कढई कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुरात माणसे उतरवायला वापरत. आमच्या मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराच्या शेजारीच नाव होती की. होती खरी, मालकांनी ती भंगारात घातली.

आज या जुन्या कालव्याला सगळे ‘बेबी कालवा’ म्हणतात, कारण पानशेतनंतर काढलेला नवा उजवा कालवा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. नव्या कालव्याचे खडकवासला ते फुरसुंगी एवढे पाणी बोगद्यातून नेण्याचा प्रकल्प मंजूर झाला आहे. तो झाला तर शहरातला उघडा कालवा इतिहासजमा होईल आणि त्या जागेवर कोणाचा डोळा आहे हे कोणी वेगळे सांगायला नको. बेबी कालव्याचे नशीब निराळे. पुणे शहर धरणातून जे पाणी पिते त्याच्या बदल्यात शेतीला साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून परत द्यायचे, असा महापालिकेचा पाटबंधारे खात्याशी करार झाला. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली, आणि तेथून उचललेले पाणी साडेसतरा नळीजवळ या कालव्यात सोडतात. शुद्ध हा शब्द येथे व्याकरणाच्या अर्थाने घेऊ नये. काही दिवशी पाणी नुसते करडे असते, काही दिवशी त्यावर साबणाच्या फेसाची पांढरी ढेकळे तरंगत येतात आणि वाऱ्याने ओट्यापर्यंत उडतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्या मुलीने तो बर्फ आहे असे समजून टाळ्या वाजवल्या होत्या. ती आता बारावीला आहे आणि खिडकी लावून अभ्यास करते.

हे लिहिले की वाचक विचारतील, मग इतकी वर्षे राहिलात कशाला? त्याला एक उत्तर नाही. पहाटे कालव्याच्या भरावावर वंचक बसलेला असतो. इतका स्थिर की पाणी त्याच्यासाठी वाहते आहे असे वाटावे. खंड्या पंपाच्या तारेवर. भरावाच्या पायवाटेने निघाले तर लोणीच्या दिशेला चालत राहावे तितके चालता येते, आणि वाटेत कोणी ‘इकडे कुठे’ असे विचारत नाही. गावही आम्हांला आवडत आले आहे. मांजरीला १९७५ सालापासून साखर संस्था आहे, वसंतदादांचे नाव मिळालेली. साखरेतले जे काही शास्त्र महाराष्ट्रात आहे त्याचा मोठा भाग येथून जातो. सोलापूर रस्त्यावर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि त्याने काढलेल्या वाणांना गावाचेच नाव दिले आहे: ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’, ‘मांजरी किशमिश’. ज्या गावाच्या शिवारातून ऊस आणि द्राक्ष दोन्ही निघून चालले आहेत त्याचे नाव वेलींवर टिकते आहे, ही गोष्ट आम्ही नामविचाराच्या तासाला आवर्जून सांगतो. संध्याकाळी उपबाजारात शेतकरी स्वतःच्या गाडीतून भाजी उतरवतो. तेथल्या मेथीच्या जुडीने आम्हांला शहरातली मेथी कायमची नासवून ठेवली. ३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुक महापालिकेत गेली. नदीपलीकडची मांजरी खुर्द तेव्हा त्या २३ गावांच्या यादीत नव्हती. त्यामुळे तेव्हापासून आम्ही नागरिक झालो आणि समोरच्या तीरावरचे लोक ग्रामस्थ राहिले. डास दोन्हीकडे तेच.

खरी अडचण कालव्याची नाही, नदीची आहे. आमची जागा कालवा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. नदी दिसत नाही, मळा उतरत उतरत तिच्याकडे जातो. पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळी रेषा आमच्या विहिरीच्या खालून जाते, लाल रेषा घराच्या वरून. म्हणजे आम्ही दोन रेषांच्या मधे आहोत, धड नदीत नाही आणि धड बाहेरही नाही. शहरातल्या नदीकाठाचा जो सुशोभीकरण प्रकल्प चालू आहे तो मुंढवा-खराडीच्या आसपास संपतो. त्याच्या खाली आम्ही. येथे येते ते खडकवासल्याचेच पाणी नव्हे. मुळशीचे आणि पवनेचेही संगमावरून खाली याच पात्रात येते, आणि त्याच्याबरोबर जलपर्णीचे हिरवे गालिचे, पुलाला अडकून बसण्यासाठी.

२४ जुलै २०२४ च्या रात्री पाऊस थांबला नाही. २५ तारखेच्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडले गेले. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन जण गेले. आमच्यापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, त्यामुळे आम्ही ते येताना ऐकले. फोनवर एकेक निरोप येत होता आणि आम्ही खालच्या फळीवरची पुस्तके वरच्या फळीवर चढवत होतो. पाचही खोल्यांत सलग एक फळी म्हणजे ६४ फूट. विश्वकोशाचे खंड, शब्दकोश, नियतकालिकांचे गठ्ठे. कोणत्या पुस्तकाला आधी उचलायचे यावर त्याही रात्री आमच्यात वाद झाला, आणि तो वाङ्मयीन मूल्यांच्या भाषेत झाला, हे नमूद करायला हवे.

आई आमच्याबरोबर राहतात. एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई. हाक दोघांची एकच. १९६१ साली त्या दहा वर्षांच्या होत्या आणि नारायण पेठेत नदीच्या अंगाला राहत होत्या. १२ जुलैला सकाळी पानशेत फुटले, दुपारी खडकवासला. त्या दिवसाविषयी त्या फारसे बोलत नाहीत. पाण्याचा रंग विचारला तर ‘चहाचा’ म्हणतात. वाडा गेला, काही महिने नातलगांकडे काढून मग गोखलेनगरच्या बाजूला अर्धगोल पत्र्याच्या हटमध्ये त्यांचे कुटुंब राहिले, आणि लग्न होईपर्यंत त्यांचा पत्ता ‘पूरग्रस्त वसाहत’ हाच होता. त्या पहाटे आम्ही पुस्तकांच्या मागे धावत असताना आई खाटेवर बसून होत्या आणि मांडीवर एक पिशवी होती. ती केव्हा भरली असे विचारले तर म्हणाल्या, “दर जूनला भरते. दिवाळीला सोडते.” रेशनकार्ड, पेन्शनचे पासबुक, दोन लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्या, मेणबत्ती, काड्यापेटी, प्लॅस्टिकच्या डबीत थोडी साखर. इतकी वर्षे आम्ही ज्या खाटेवर बसून त्यांच्याशी गप्पा मारल्या तिच्याखाली दर पावसाळ्यात ती पिशवी होती.

पाणी विहिरीच्या अलीकडे चाळीस पावलांवर थांबले, संध्याकाळी उतरले, आणि मळ्यात जलपर्णीचा व थर्माकोलचा खच ठेवून गेले. घराला काहीही झाले नाही. प्रश्न मात्र त्या दिवसापासून घरात आला.

त्यानंतर वर्षभराने मालकांचा निरोप आला. त्यांचे म्हणणे सरळ होते. मुलांना शेती करायची नाही, विहिरीचे पाणी पिकालाही चालेनासे झाले आहे, रस्त्याकडच्या जमिनीची मोजणी झाली आहे. लगेच कोणी आम्हांला काढत नव्हते. आमच्या पट्ट्यात बांधायला परवानगी मिळणे कठीण, त्यामुळे ‘सर, मॅडम, तुम्हांला राहायचं तर रहा’ असे ते स्वतः म्हणाले. पुढच्या बाजूला इमारत होईल तिच्यात अकराव्या मजल्यावर एक लहान सदनिका आमच्यासाठी जुन्या भावाने धरून ठेवण्याचीही त्यांची तयारी होती. भाडेकरूशी इतक्या सौजन्याने वागणारा मालक मिळणे कठीण, आणि त्यामुळेच ठरवणे कठीण झाले. हाकलले असते तर निर्णय घ्यावा लागला नसता.

आमच्यात दोन मते होती हे लपवण्यात अर्थ नाही. ‘आम्ही’ या सर्वनामाची मोठी सोय अशी की दोन माणसे त्याच्या आड एकमेकांशी भांडू शकतात आणि बाहेर एकच आवाज ऐकू येतो. मराठीला मात्र याहून सूक्ष्म भेद करता येतो: ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’ म्हणताना आत. त्या वर्षभरात जो राहण्याच्या बाजूचा होता तो सारखा ‘आपण राहू’ म्हणे आणि जी सोडण्याच्या बाजूची होती तीही ‘आपण सोडू’ म्हणे. दोघांपैकी कोणीही ‘मी’ म्हणाले नाही. राहण्याच्या बाजूला भिंत होती, वंचक होता, सोळा वर्षे होती, आणि हेही होते की अकराव्या मजल्यावरून जो कालवा दिसेल तो नकाशात दिसतो तसा दिसेल. सोडण्याच्या बाजूला फेस, डास, आईंचा दमा आणि ती पिशवी. मुलीने आपले मत विचारण्याआधीच सांगितले होते: तिला पुढच्या वर्षी वसतिगृहात जायचे आहे, तेव्हा तिला धरू नये.

या काळात आम्ही पुस्तके चाळली, कारण आम्हांला दुसरे काही सुचत नाही. आणि एक गोष्ट लक्षात आली, ती अभ्यासकांनी तपासून पाहावी. आपल्या साहित्यात जागा सोडण्याची वर्णने उदंड आहेत, पण ती बहुतेक सुटण्याची आहेत, सोडण्याची नाहीत. ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळाने रिकामी होते. धनगर निघून जातात तेव्हा जावे की न जावे अशी चर्चा संपलेली असते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) बिऱ्हाड गाढवावर आहे आणि ते कोठे थांबवायचे हे गाव ठरवते, बिऱ्हाडवाला नव्हे. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) धरण येते आणि सरकारी कागद येतात. पाणी, दुष्काळ, पाटील, कलेक्टर. क्रियापदाचा कर्ता नेहमी दुसरा कोणी असतो. आमच्या भरावावरून वर्षातून एकदा धनगरांचा वाडा जातो. पुण्यात वाडा म्हणजे दगडी चौथरा आणि दिंडीदरवाजा, त्यांच्यात वाडा म्हणजे घोड्यावर लादलेला संसार आणि पुढे मेंढरे, एकच शब्द. यंदा त्यांतल्या एका म्हाताऱ्याला विचारले, मुक्काम हलवायचे कसे ठरवता? तो म्हणाला, “चारा सपला की.” राहावे की जावे यावर पुस्तक लिहिता येईल इतका अवकाश रोल्टला मिळाला, कारण त्याच्या नावेला परतायला जमीन होती. लंडनमध्ये नावेवर राहणाऱ्या आजच्या भाडेकऱ्याला तो तितका नाही. ज्याला कायमची जागा नाही त्याने एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक थांबू नये असा १९९५ चा कायदा आहे, आणि असे सतत फिरणाऱ्यांच्या परवान्यावर २०२४ पासून अधिभारही लागला आहे. त्याचा चाराही कोणी दुसराच मोजतो.

याला अपवाद आहेत, हे कबूल. बदलीच्या नोकरीतली मध्यमवर्गीय बिऱ्हाडे आपल्या कथांतून किती तरी फिरली. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला तो काही केवळ ढकलला गेला म्हणून नव्हे. तरी बदलीचा हुकूमही हुकूमच असतो. आणि सासरी जाणाऱ्या मुलींनी जागा सोडण्याविषयी जेवढे गायले तेवढे कोणीच गायले नसेल. तेथेही ‘जाऊ का?’ असा प्रश्न नाही, ‘कधी येऊ?’ असा आहे. ठरवण्याची शैली आम्हांला वाङ्मयातून मिळेना, याचा आम्हांला थोडा राग आला. पण तो वाङ्मयावर काढणे बरोबर नव्हते. ज्यांना विचारले जाते त्यांची संख्या येथे मुळात कमी.

म्हणून शेवटी आईंना विचारले. खरे तर हे आधी सुचायला हरकत नव्हती. परंतु आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाला विचारतात ते निर्णय सांगण्याच्या सुरात, आणि त्याही ‘तुम्हांला पटेल ते’ म्हणून मोकळ्या होतील असे आम्ही धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, “विचारता आहात तर सांगते. आम्हांला तेव्हा कुणी विचारले नव्हते.” आणि मग त्यांनी बोटावर मोजून सांगितले. अकरावा मजला नको, लिफ्ट बंद पडली की मी वर अडकले. तळमजला नको, ते तुम्हांलाही कळते. दुसरा मजला. पाणी खाली आले तर वर बसता येते, दिवे गेले तर चालत उतरता येते. शिवाय दवाखाना रिक्षाच्या अंतरावर. त्यांच्या मनात ही सदनिका साठेक वर्षे तयार होती असे आम्हांला वाटले. भरावावरच्या फेऱ्यांचे काय, असे एकाने विचारले, कारण त्या रोज संध्याकाळी तेथे काठी टेकत जातात. त्या म्हणाल्या, “रिक्षाने येईन. कालवा काय उठून जाणार आहे?” बोगद्याच्या बातम्या त्या वाचत नाहीत; आणि बेबी कालव्याला तो लागूही नाही, हे नंतर आम्हीच एकमेकांना सांगितले.

शेवाळवाडीत, दोन्ही रेषांपासून बऱ्याच वर, एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या आहेत. दिवाळी झाली की जायचे, म्हणजे आईंच्या पिशवीचा हंगाम संपल्यावर. राहण्याच्या बाजूच्या मताने हार मानली असे मात्र नव्हे. मालकांनी पाचवी खोली, गुळव्याची, तूर्त कुलूप लावून आमच्याकडे ठेवायला होकार दिला आहे. तिचे भाडे घ्यायला ते तयार नाहीत, आम्ही द्यायला तयार आहोत, आणि तो वाद अजून चालू आहे.

उरला प्रश्न भिंतीचा. नव्या जागेत सर्वांत लांब भिंत ११ फुटांची आहे आणि तिच्या मधोमध खिडकी आहे. त्यामुळे सध्या संध्याकाळी आम्ही दोघे पुस्तकांच्या तीन राशी करत बसतो. शब्दकोश आणि संतवाङ्मय बरोबर येईल यावर एकमत आहे. कादंबऱ्यांवर नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने दुसऱ्या प्रती घ्यायला नकार दिला, तेव्हा दोघांकडेही असलेल्या पुस्तकांतले कोणाचे ठेवायचे यावर रोज तडजोड होते; एकाच्या प्रतीत समासात पेन्सिलीने लिहिलेले असते आणि दुसरीच्या प्रतीत नसते, एवढाच निकष आतापर्यंत टिकला आहे. नियतकालिकांचे गठ्ठे मालक गोठ्याच्या माळ्यावर ठेवून घेणार आहेत, गोठा पाडेपर्यंत.